घुशीला बिनशिशाचा छर्रा

…आन वर मलाच म्हनती, "काका, शिसं नको हं!" आता सांगा! घर माजं, कनगी माजी, कनगीतलं बियानं माजं, ते खानाऱ्या घुशीला कशानं मारायचं ह्ये आता चार नंबरच्या खोलीतली भाडेकरीन ठरवनार? उद्या म्हनंल, काका, आधी घुशीला इचारा, तुला कुटल्या बाजूनं लागलेलं चालंल बाई? हसताय व्हय? हसा, हसा, तुमचं काय जातंय, तुमच्या घरात घूस न्हाई… हाय? मग तुमी नका हसू, तुमी म्होरं येऊन बसा, तुमाला कळंल माजं दुखनं!

तुमाला सांगतो, मी हैबतराव, नेऱ्याचा. आता हिंजवडी वाढत वाढत आमच्या अंगनापतोर आली, तवापासनं आमच्या गावात शेतं कमी आन खोल्या जास्त. मी बी धा खोल्या काढल्यात, खोटं कशाला बोलू, जमीन बी ईकली, सगळ्यांनी ईकली, मी काय येगळा हाय? पर एक खाचर ठिवलंय. विहिरीखालचं, अकरा गुंठं. त्यात आज्यानं आंबेमोहर लावला, बानं लावला, मी बी त्योच लावतो. आमच्या चुलीवर त्यो भात रटरटायला लागला की धाव्या खोलीतली मान्सं जेवलेली असली तरी दार उघडून भाईर येत्यात. त्या खाचरावर माजा जीव हाय. आन त्याच्यावर डोळा कुनाचा? बिल्डरचा? छ्या! बिल्डर बिचारा परका मानूस. डोळा माज्या सख्ख्या थोरल्या भावाचा, अण्णासाहेबाचा!

अण्णासाहेब म्हंजी काय, कडक इस्त्री, पांढरी गाडी, बोटात चार आंगठ्या, आन बोलनं सगळं नाकातनं. खाचर आमच्या दोघांच्या नावावर, म्हंजी ईकायला माजी सही पायजे. भरल्या भावकीत मला म्हनतोय कसा, "हैबत्याऽऽ, त्या अकरा गुंठ्यात पिकवतोस काय रं तू? डास?" मी म्हनलं, आंबेमोहर! बाचं बियानं हाय माज्याकडं, हाय का गावात दुसऱ्या कुनाकडं, दाव! त्यो म्हनतोय, "असं व्हय? मग यंदा रोहिनी नक्षत्र सरायच्या आत त्या बियान्याची पेर दाव राबात. दुकानातली पिशवी चालायची न्हाई. पेरलंस तर मी जन्मात खाचराचं नाव काढनार न्हाई. न्हाई पेरलंस तर गुमान सहीला यायचं." आन मी… अवो माजी जीभ म्हंजी मोकाट खोंड! मी मांडीवर थाप मारून म्हनलं, कबूल! आरं पेर काय मला नवी हाय? फाल्गुनातच शेन, पाला, डहाळ्यांची कवळं पसरून रोपांसाठी राब भाजून तयार ठिवलेला. बियानं टाकायचं, एवढंच राह्यलेलं.

आता आमच्यात बियानं झोडून ठिवायची पद्धत न्हाई. कापनीच्या वक्ताला उभ्या खाचरातनं चांगल्या भरल्या लोंब्या एकेक येचायच्या, त्याच्या जुड्या बांधायच्या, कनगीत रचायच्या, वरनं लिंबाचा पाला. कनगी म्हंजी ती बांबूची, शेनानं लिपलेली, मानूसभर उंचीची. बारा जुड्या ठिवल्या व्हत्या मी. वैशाखात उघडून बगतो तर आठ! मी म्हनलं, रंभे, चार जुड्या कुटं गेल्या? आमची कारभारीन रंभाबाई, तिनं कधी सरळ उत्तर दिलंय? "मला काय इचारताय, मी काय बसल्या बसल्या लोंब्या चगळती?" म्हनून मी खाली वाकलो, तर कनगीच्या बुडाला हे एवढं भोक, आन भोकाच्या तोंडाशी… ती! मांजराएवढी घूस, राखाडी, शेपूट अर्धी तुटलेली, तोंडात लोंबी आडवी धरलेली. आन पळाली का? न्हाई! उभी राहून माज्याकडं बगतीया, जसा काय मीच तिच्या घरात न इचारता घुसलोय!

डोकंच सटाकलं माजं. म्हनलं, बाचं बियानं हाय ते! सोडतोय व्हय मी तिला?

सापळा आनला. आत रंभीनं भजी ठिवली, कांद्याची, मला दोन मागितली तर दिली न्हाईत, घुशीला चार! सकाळी बगतो तर भजी गायब, सापळा उताना, आन सापळ्यावर तिचा परसाद. मग शेजारचा बोका आनला, लई नाव त्याचं, सात आळ्यांत दहशत. दुपारच्याला बगतो तर घूस खाली आन बोका पत्र्यावर, आन बोका वरनं माज्याकडं असा बगतोय की मालक, मला घरी सोडा! औषध घालावं तर रंभी म्हनती, "खबरदार, माज्या कोंबड्या हिंडत्यात!" आता तुमी म्हनाल, हैबतराव, जुड्या उचलून दुसरीकडं का न्हाई ठिवल्या? ठिवल्या की, माळ्यावर ठिवल्या, ती माळ्यावर आली, म्हनून परत कनगीत. पत्र्याच्या पेटीत घातल्या तर बियानं कोंदटतं, उगवत न्हाई, बा सांगायचा. आन खरं सांगू का? दुसऱ्याच्या घरी नेऊन ठिवायचं म्हंजी मी तिला भ्यालो असं झालं. मी अण्णाला भ्यालो न्हाई, ह्या अर्ध्या शेपटीला भिऊ?

मग मी छऱ्याची बंदूक काढली. जत्रंत फुगं फोडत्यात ना तसली, पर जरा दांडगी, वानरं हाकलाय घेतलेली. शिशाचे छर्रे डबीभर. आन ही घूस रातीची येती असं वाटत असंल तुमाला, अवो हिची येळ भर दुपारची, बरोबर माजा डोळा लागला की! म्हनून पयल्या दिवशी मी डोळा लावलाच न्हाई, आली तशी घातली गोळी, घूस राह्यली बाजूला, छर्रा कनगीवर आपटून शेजारच्या तांदळाच्या उघड्या डब्यात. मला काय म्हाईत! रंभीनं संध्याकाळी त्याच डब्यातला तांदूळ मृण्मयीला मापून दिला.

मृण्मयी म्हंजी तीच, चार नंबरची. नवरा निषाद, दोघं अमरावतीकडची, कंप्यूटरात हायेत. पोरगी गुनाची, खोटं न्हाई बोलनार, आन सातवा महिना लागलेला. आमचाच आंबेमोहर खाती. ताटात तांदूळ निवडाय बसली आन छर्रा हाती लागला, आली की तशीच ताट घेऊन! "काका, हे काय आहे? हे लेड आहे, शिसं! ह्यानं बाळाच्या मेंदूवर परिणाम होतो, माहितीये का तुम्हाला? बंदूक चालवा, पण शिसं नको हं!" मी म्हनलं, पोरी, माजा आज्या शिशाच्या गोळीनं रानडुक्कर मारून खायाचा, नव्वद वर्सं जगला! तर आमची रंभी, जिनं माजी बाजू घ्यायची, ती मागनं म्हनती, "जगले की! पर शेवटची धा वर्सं म्हशीला सूनबाई म्हनत व्हते."

आन रंभी तेवढ्यावर थांबली का? उचलली छऱ्यांची डबी आन दिली विहिरीत फेकून! मी म्हनलं, अगं, तांदळात शिसं नको म्हनून पान्यात टाकलंस? सगळ्या खोल्यांना पानी त्याच विहिरीचं! मृण्मयीनं डोक्याला हात लावला, निषाद धावत आला, आन मग काय, भर उन्हात दोर लावून विहिरीत उतरलं कोन? मी! बरं तर बरं, वैशाखात पानी गुडघाभर. वरनं धा खोल्यांतली मान्सं वाकून बगत्यात, रंभी सांगती "डाव्या बाजूला बगा, डाव्या!", आन मी चिखलात हात घालून डबी शोधतोय. आन तवा, तुमाला सांगतो, विहिरीच्या कट्ट्यावर काय दिसावं? ती! अर्धी शेपूट! खाली डोकावून बघतीया! म्हनलं बाई, डबी घावलीया, आता भाईर येऊ दे मला. सोडतोय व्हय मी तुला?

निषाद म्हनला, "काका, मी पुढच्या आठवड्यात ऑनसाइट चाललोय, जर्मनी. तिकडे बिनशिशाचे छर्रे मिळतात, मी आणतो ना एक डबी. पण तोपर्यंत बंदूक बंद. प्रॉमिस?" दिलं प्रॉमिस. आता घुशीला मारायला छर्रा जर्मनीवरनं! आमच्या गावचा टोमॅटो कधी पुन्याच्या म्होरं गेला न्हाई, आन घुशीचा छर्रा इमानातनं येनार! दोन आठवडे मी हात बांधून बसलो, आन ती रोज दुपारी येती, लोंबी उचलती, जाती. आठाच्या पाच झाल्या, पाचाच्या तीन. मी खाटंवर पडून नुस्ता दात खातोय. रंभी म्हनती, "अवो, दात तरी ऱ्हाऊ द्या."

आले बाबा एकदाचे छर्रे. काय ती डबी, वर उंदराचं रंगीत चित्र, रंभीनं आधीच सांगून ठिवलं, रिकामी झाली की हळदीला मला द्या. निषाद म्हनला, "हे कथलाचे आहेत काका, हलके, सुसाट जातात. फक्त एक आहे, शिसं मऊ असतं, लागलं की चपटं होऊन बसतं. हे कडक आहेत, भिंतीला लागले तर उलटून येतात." मी म्हनलं, येऊ दे की, भाड्यासारखे येळंवर आले म्हंजी झालं!

मस्करी केली मी. तुमाला सांगतो, कथलाची मस्करी करू नये. दुसऱ्याच दिवशी अण्णासाहेब आलेला, रोज यायचा त्यो, "किती लोंब्या राह्यल्या रं हैबत्याऽऽ" इचाराय, ओट्यावर बसून आमच्याच कपातनं आमचाच चहा प्यायचा. मला कनगीमागं अर्धी शेपूट दिसली, मी घातली, घूस वाकली, छर्रा पाट्यावर, पाट्यावरनं नांगराच्या फाळावर, टंग! फाळावरनं दारातनं भाईर, आन अण्णाच्या हातात कपाचा नुस्ता कान! सगळा चहा इस्त्रीवर! "हैबत्याऽऽ! सख्ख्या भावावर बंदूक?" मी आतनं वरडलो, आण्णा, भिऊ नगंस, बिनशिशाचा हाय!

मनातनं बरं वाटलं, कशाला लपवू. पर कपाच्या जागी डोळा असता तर? मग रंभीनं कायदा केला. कनगीमागं तुसानं भरलेली पोती रचायची, दार बंद, घरात कुनी न्हाई, आन निषादचं हेलमेट घातल्याबिगर बंदुकीला हात लावायचा न्हाई. बसलो मी. जेष्ठातलं ऊन, पत्र्याचं घर, डोक्यात हेलमेट, आतनं घामाच्या धारा, काच पुसावी तर घूस गेलेली, न पुसावी तर घूस दिसत न्हाई! माज्या आज्यानं अनवानी पायानं रानडुक्कर मारलं, आन मी, त्याचा नातू, स्कूटरवाल्यासारखा घरात बसलोय!

आन एक दिवस कनगीत हात घातला तर हाताला नुस्ता लिंबाचा पाला लागला. बारावी जुडी बी गेली. रोहिनीचं सहा दिवस राह्यलेलं. मी तितंच खाली बसलो, हेलमेटात, आन मला रडू आलं. मान्साला हेलमेटात डोळं बी पुसता येत न्हाईत. बा जाताना म्हनला व्हता, हैबती, बाकी काय बी ईक, ह्ये बियानं सांबाळ. आन मी घुशीच्या हट्टाला पेटून बियानं घालवलं. भाईर अण्णासाहेब रंभीला सांगतोय, "रंभाबाई, बुधवार चांगला हाय, सहीला धाडून द्या." मी आतनंच म्हनलं, येतो बुधवारी! पर तिला मारल्याबिगर येत न्हाई. खाचर जातंय तर जाऊ दे, सोडतोय व्हय मी तिला?

मंगळवारी दुपारी कनगीपाशी सुकट पसरली. ही आली. निवांत, मालकिनीसारखी. सुकटीचा वास घेतला, मान वर केली, आन मी घातली. टप्प! गेलाच जीव, जागच्या जागी. मी दार उघडून हेलमेटसकट अंगनात नाचलो, तुमाला सांगतो, लग्नात नाचलो नव्हतो एवढा नाचलो! धाच्या धा खोल्या भाईर. अण्णासाहेब बी आलेला, सहीचे कागद घेऊन, बुधवारपतोर बी दम न्हाई त्येला.

आन तेवढ्यात बांधावरनं बहिरू चाललेला. बहिरू म्हंजी कासारसाईच्या अंगाला कातकरवाडी हाय, तितला. बीळ उकरावं तर त्येनंच. आमच्यात रीत हाय, भात निघालं की बांधातली बिळं ह्या वाडीच्या मान्सांनी उकरायची, आतला उंदीर बी त्येंचा आन उंदरानं साठीवलेलं धान बी त्येंचं. बापजाद्यापासनं चालत आलंय, कुनी मोडत न्हाई. मला तर चेव चढलेला, सूड अर्धा कशाला ठिवायचा? म्हनलं, बहिरूऽऽ, हिकडं ये! हिचं बीळ उकर, हिचं सगळं खानदान भाईर काढ, आन आत जे काय घावंल ते तुजं! रीत म्हंजी रीत! रंभी मागनं माजा सदरा वढतीया, वढतीया, मी म्हनलं, गप गं, पुरुषांचं बोलनं चाललंय!

बहिरूनं घूस उचलली, हातात तोलली, आन मला काय इचारावं? "मालक, शिसं न्हाई न्हवं हिच्यात? मागं एकानं शिशाच्या छऱ्यानं मारलेला पारवा दिला, आमच्या कारभारनीनं, साळूबाईनं, माजा उद्धार केला." वर गॅलरीत मृण्मयीनं टाळ्या वाजवल्या, "बघितलंत काका?" म्हंजी एवढा मी जर्मनीवरनं छर्रा आनला, हेलमेटात शिजलो, ते कुनासाठी? बहिरूच्या कालवनासाठी!

उकराय लागला. चुलीच्या भिताडाखालनं, न्हानीच्या मागनं, पेंढ्याच्या गंजीखाली. मग पालथा पडला, खांद्यापतोर हात आत घातला, आन थांबला. हळूच हात भाईर काढला तर मुठीत लोंब्या! परत घातला, परत लोंब्या! एकावर एक रचलेल्या, कोरड्या ठनठनीत, दोन-तीन जुड्यांएवढ्या खाल्ल्या असतील तिनं, बाकी सगळं जसंच्या तसं. अंगनात आंबेमोहराचा वास सुटला. मी झेप घेतली! बहिरू तसाच उकिडवा बसलेला, वर बघून एवढंच म्हनला, "मालक, रीत."

आन अण्णासाहेब! पोट धरून हसतोय, "शब्द दिलास हैबत्याऽऽ, चारचौघांत दिलास!" रंभी म्हनती, "म्हनून सदरा वढत व्हते! बियानं खाल्लं न्हाई, न्हेलं हाय, म्हंजी बिळात असनार, एवढं कळू नये?" आता तुमीच सांगा, तुमाला कळलं असतं? डोक्यात सूड असल्यावर?

मी बहिरूच्या म्होरं बसलो. म्हनलं, बहिरू, दोन पोती इंद्रायनी देतो, एवढ्या लोंब्या दे. त्यो लोंबी बोटात फिरवत म्हनला, "भात काय मालक, आज न्हाई तर उद्या मिळतंया. ह्ये बियानं हाय. आमच्या बापानं बी कदी बियानं ठिवलं न्हाई, जागाच न्हवती तर बियानं कशापायी ठिवायचं? आता हाय तर पेरावं म्हंतो." मी म्हनलं, पेरशील कुटं, कपाळावर? त्यो म्हनला, "तुमच्या खाचरात. बियानं माजं, खाचर तुमचं, राबनं माजं. अर्धं तुमी, अर्धं आमी." अण्णाचं हसनं थांबलं. रंभीनं मला कोपरानं असं ढोसलं की माज्या तोंडातनं आपसूक "व्हय" निघालं.

रोहिनी सरायला दोन दिवस व्हते, राबात पेर झाली. अण्णासाहेब बांधावर उभा राहून म्हनतोय, "बियानं त्येचं हाय, तुजं न्हाई!" मी म्हनलं, आण्णा, बियानं बाचंच पायजे असं ठरलेलं, बाचंच हाय. ते कुनाच्या हातात असावं ह्ये कुटं ठरलं व्हतं? काय तोंड झालं त्येचं, तुमाला सांगतो! घुशीला मारून झालं न्हाई एवढं समाधान त्या तोंडानं दिलं. सहीचे कागद घडी करून खिशात घातले आन चहा न पिता गेला, त्या दिवसापासनं आमचे कप सुखी हायेत.

खाचर उभं राह्यलं, सोन्यासारखं पिकलं. कापनी झाली, अर्धा भात माज्या डोळ्यांदेखत वाडीवर गेला. मृण्मयीला मुलगी झाली, आता ती तांदूळ बी बहिरूकडनं घेती, म्हनती, "काका, राग मानू नका, त्यांच्याकडे छर्रे निघत नाहीत."

बरं, राह्यलं काय? म्होरच्या सालाचं बियानं. आमी दोघांनी मिळून लोंब्या येचल्या, जुड्या बांधल्या. मी कनगीला नवं बूड घातलं, लिपून घेतली, बंदूक तेल घालून ठिवली, छर्रे अर्धी डबी शिल्लक. म्हनलं, आन बहिरू जुड्या हितं, मी राखतो. त्यो म्हनला, "नको मालक, माज्याकडं ऱ्हाऊ द्या." माजं टाळकंच फिरलं! मी म्हनलं, आरं तुज्या घराला कूड कारवीच्या काटक्यांचा, दाराला कडी न्हाई, कनगी न्हाई, बंदूक न्हाई, रातीत फस्त करतील घुशी! तुज्याकडं काय घुशी येत न्हाईत व्हय?

तर बहिरू शांतपनं म्हनला, "येत न्हाईत मालक. त्यास्नी ठावं हाय, आमी खातो."

आलो जुड्या त्येच्या घरी पोचवून.